नवी बाजू आधी का गेली? लोअर आर्म, बॉल जॉइंट आणि बुशचं एक प्रकरण

गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, मीटरवर १,१८,००० किलोमीटर. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब. खाली प्रत्येक बाजूला पत्रा दाबून केलेला एक लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा आडवा हात), आतल्या बाजूला सांध्यात बसणारे दोन रबरी बुश आणि बाहेरच्या टोकाला आर्ममध्येच कायमचा बसवलेला बॉल जॉइंट (सगळ्या दिशांना फिरणारा गोळ्याचा सांधा). मालक मालगुंडचे. रोजचा फेरा आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी, महिन्यातून एकदा आंबा घाट चढून कोल्हापूर, आणि अधूनमधून जयगडला फेरीबोटीत गाडी घालून तवसाळमार्गे गुहागर.

डाव्या बाजूचा आर्म २२,००० किलोमीटरपूर्वी बदललेला होता. पावसात पाण्याने भरलेला खड्डा दिसला नाही, चाक आपटलं, आर्म वाकला आणि पूर्ण नवा बसवला गेला. उजवीकडचा आर्म कारखान्यातून आला तोच. तरी आवाज डावीकडूनच येत होता. मालकांच्या शब्दांत, "खड्ड्यात गेली की डाव्या पायाखाली कोणी हातोडीची टिचकी मारतंय असं वाटतं." शिवाय ब्रेक मारला की गाडी किंचित डावीकडे ओढायची आणि डावा टायर आतल्या कडेने खाल्लेला होता.

ज्याने त्याने एकच निदान केलं: डुप्लिकेट माल. पण खोका आणि बिल मालकांनी जपून ठेवलं होतं आणि भाग अस्सल होता. मग लाखभर किलोमीटर चाललेली जुनी बाजू शाबूत आणि नवी बाजू मोडकळीला, हे झालं कसं? हे प्रकरण सविस्तर लिहिण्याचं कारण तेवढंच आहे.

आवाजावरून भाग बदलू नये

आमच्याकडे येण्याआधी या गाडीचे दोन्ही लिंक रॉड (वळणावर गाडी कलू नये म्हणून असलेल्या स्टॅबिलायझर बारला जोडणाऱ्या छोट्या दांड्या) बदलले गेले, मग पुढचे दोन्ही शॉकअब्सॉर्बर, आणि दोनदा व्हील अलाइनमेंट झालं. शॉकअब्सॉर्बर घातल्यावर आठवडाभर आवाज कमी वाटला. नवे शॉकअब्सॉर्बर कडक असतात, त्यामुळे खालची ढिलाई काही दिवस झाकली जाते, एवढंच त्याचं कारण.

खडखड कोणत्या भागाची हे ऐकून ठरवणं अवघड आहे, पण आवाज कधी येतो हे विचारलं तर अर्धं काम होतं. छोट्या, लागोपाठच्या खड्ड्यांवर टकटक येत असेल तर संशय लिंक रॉड किंवा बॉल जॉइंटवर घ्यायचा. ब्रेक दाबताना, किंवा रिव्हर्सवरून पुढे घेताना, एकदाच धप्प होऊन थांबत असेल तर आर्मचा बुश. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवलं की करकर वाजत असेल तर कोरडा पडलेला बॉल जॉइंट किंवा स्ट्रटच्या वरची बेअरिंग. या गाडीत पहिला आवाज होताच. दुसराही होता, पण त्याबद्दल मालकांना कोणी विचारलंच नव्हतं. अंगणातून रिव्हर्स घेऊन रस्त्याला लागताना रोज सकाळी धप्प व्हायचं, आणि ते गिअरबॉक्सचं असेल असं त्यांनी धरून चाललं होतं.

ब्रेकची परीक्षा मोकळ्या जागेत दोन माणसांनी करायची. एकाने पहिल्या गिअरमध्ये गाडी चालण्याच्या वेगाने सोडून ब्रेक दाबायचा, दुसऱ्याने बाजूला, समोर नव्हे, उभं राहून टायर आणि मडगार्ड यांच्यामधली फट बघायची. उजवं चाक जागचं हललं नाही म्हटलं तरी चालेल. डावं चाक ब्रेकसरशी मागे सरकून पुन्हा जागेवर येत होतं, अंदाजे बोटाच्या अर्ध्या जाडीइतकं. निरोगी बुश एवढं सरकू देत नाही.

मग गाडी उचलली. मॅकफर्सन रचनेत स्प्रिंगचा भार स्ट्रटमधून थेट नकलवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो हब धरणाऱ्या ओतीव भागावर, येतो. खालच्या बॉल जॉइंटवर गाडीचं वजन नसतं, म्हणून बॉडीखाली घोडी (गाडी तोलून धरणारा स्टँड) लावून चाक लोंबतं ठेवलं तरी त्याचा खेळ, म्हणजे ढिलाई, कळतो. ज्या गाड्यांत स्प्रिंग खालच्या आर्मवर बसलेली असते, त्यात असं केलं तर स्प्रिंगच जॉइंट दाबून धरते आणि गेलेला जॉइंटही घट्ट लागतो. तिथे जॅक आर्मखाली, बॉल जॉइंटच्या जवळ लावून भार काढावा लागतो. हा फरक न पाहता "जॉइंट ओके" असा शेरा मारलेल्या गाड्या बऱ्याच दिसतात.

चाक वरून-खालून, म्हणजे घड्याळातल्या १२ आणि ६ वर धरून हलवलं. खेळ लागला. तो बेअरिंगचा की बॉल जॉइंटचा हे ठरवायला आत बसलेल्याला ब्रेक दाबून ठेवायला सांगितलं. ब्रेक दाबल्यावर हब आणि नकल एकमेकांना धरले जातात, बेअरिंगचा खेळ नाहीसा होतो. इथे खेळ तसाच राहिला. ९ आणि ३ वर धरून काही लागलं नाही, म्हणजे स्टिअरिंगचे टाय रॉड एंड आणि रॅक ठीक. शेवटी आर्म आणि नकल यांच्या मध्ये लहान पहार घालून हलकेच उचललं, तेव्हा डावा बॉल जॉइंट डोळ्यांना दिसेल इतका वरखाली झाला. चांगल्या जॉइंटमध्ये या परीक्षेत हाताला काहीच लागत नाही. उजवीकडे तसंच होतं, काहीच लागलं नाही.

डाव्या जॉइंटचं रबरी बूट (ग्रीस आत ठेवणारं आवरण) फाटलेलं होतं आणि आत ग्रीसऐवजी तांबडा चिखल. फाट बघण्यासारखी होती. रबर म्हातारं झालं की त्यावर बारीक बारीक भेगांचं जाळं पडतं आणि घडीच्या ठिकाणी ते सुटतं. ही फाट एकच, सरळ, चिरल्यासारखी, आणि ती नकलच्या ज्या खाचेत बॉलची दांडी बसते तिच्या बरोबर खाली. खाचेच्या दोन्ही कडांवर छिन्नीच्या ताज्या खुणा होत्या. आर्म बसवताना खाच फाकवायला घातलेली छिन्नी घसरून बुटाला लागली, हे सांगायला आणखी पुरावा नको. बूट फाटलं की पावसाचं पाणी ग्रीस धुऊन नेतं, जांभ्याची धूळ आत जाते. फेरीबोटीच्या उतारावर भरतीला चाकं खाऱ्या पाण्यात जातात, त्या पाण्याने पोलादी बॉलवर गंजाचे खड्डे पडतात आणि ते खड्डे आतलं प्लॅस्टिकचं अस्तर कानसेसारखे खरवडतात. तिथून पुढे जॉइंट फार दिवस टिकत नाही.

या अवस्थेत गाडी चालवू नये, घाटात तर नाहीच. बॉल सॉकेटमधून निसटला की चाक आडवं पडतं आणि गाडी हातात राहत नाही. कोल्हापूरची फेरी रद्द करायला सांगितलं.

हात लावण्याआधी

सामान आधी मागवलं: डाव्या बाजूचा पूर्ण आर्म १, उजव्या बाजूचे बुश २ (पुढचा आणि मागचा वेगळे असतात), दोन्ही नकलचे पिंच बोल्ट नटांसह २, आर्मचे आतले बोल्ट ४, लिंक रॉडचे नट २. बोल्ट जुनेच वापरू, लागले तर बघू, हा हिशेब किनाऱ्यावर चालत नाही. पुढचा बोल्ट गंजून बुशच्या आतल्या स्लीव्हला चिकटलेला असणार हे धरूनच चालायचं. तो कापावा लागला आणि नवा जवळ नसला तर पार्सल कोल्हापूरहून येईपर्यंत गाडी घोडीवर.

उजवा आर्म पूर्ण बदलायचा की नुसते बुश घालायचे, यावर दोन मतं असू शकतात. त्याचा बॉल जॉइंट घट्ट होता, बूट अखंड, आर्म सरळ. बुशच्या रबरावर मात्र खोल भेगा होत्या. एका बाजूला नवे बुश आणि दुसऱ्या बाजूला जुने मऊ पडलेले ठेवले तर ब्रेक मारताना दोन्ही चाकं सारखी मागे जात नाहीत, गाडी एका अंगाला ओढते. म्हणून बुश दोन्ही बाजूंचे एकदम. बॉल जॉइंट जोडीने बदलायलाच हवा असं नाही. मालकांना दोन्ही पर्याय सांगितले आणि त्यांनी बुश निवडले.

कामाच्या आधी दोन संध्याकाळी सगळ्या बोल्टच्या उघड्या आट्यांवर तारेचा ब्रश मारून गंज सोडवणारा स्प्रे मारला. गाडी अजून जमिनीवर होती तेव्हाच सपाट जागी, हवा बरोबर भरून, दोन्ही बाजूंना हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून ठेवलं: डावीकडे ३६४ मिलिमीटर, उजवीकडे ३६७. या दोन आकड्यांचं काम शेवटी येतं. ते आधी मोजले नाहीत तर नंतर मोजता येत नाहीत.

जांभ्याच्या अंगणात काम करायचं असेल तर घोडीच्या पायांखाली जाड फळी घालावी. चिरा कडक दिसतो, पण ओला असला की घोडीचा पाय त्यात रुततो आणि गाडी एका अंगाला कलते. मागच्या चाकांना उटी (चाक अडवणारे ठोकळे), हँडब्रेक, आणि पुढची दोन्ही चाकं एकदम वर. एकच चाक उचललं तर स्टॅबिलायझर बार पीळ धरून बसतो आणि आर्म सोडताना उसळी मारतो.

डावी बाजू

चाक काढल्यावर एबीएसच्या वायरची क्लिप आधी सोडली. नकल खाली झुकल्यावर ताण या वायरवर येतो आणि सेन्सरची किंमत आर्मपेक्षा जास्त असते. लिंक रॉडचा नट सोडताना दांडी नटाबरोबरच फिरते. तिच्या टोकाला षटकोनी खाच असते, त्यात ॲलन की धरायची आणि नट रिंग पान्याने फिरवायचा.

या गाडीत बॉलची दांडी नकलच्या खाचेत शिरते आणि आडवा पिंच बोल्ट तिला आवळून धरतो. दांडीला गोल खाचा असतो आणि बोल्ट त्यातून जातो. त्यामुळे बोल्ट नुसता ढिला करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो. ढिल्या बोल्टवरच आर्मला पहार मारत बसलेले लोक दिसतात, त्यात बोल्ट वाकतो आणि खाचही जाते. पूर्ण सोडवल्यावर खाच रुंद पेचकसाने केसभर फाकवायची, छिन्नीने नाही. ओतीव नकलची खाच जास्त फाकली की तिला चीर जाते. आर्म पहारीने सरळ खाली दाबायचा आणि नकल बाहेरच्या बाजूला ओढायचं नाही, कारण नकल बाहेर गेलं तर ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट जागा सोडतो.

ज्या गाड्यांत निमुळती दांडी आणि किल्ला नट (स्प्लिट पिनसाठी वर खाचा असलेला) असतो, तिथे पद्धत वेगळी. नट पूर्ण न काढता दोन-तीन आटे ठेवायचे, पुलर लावून ताण द्यायचा आणि नकलच्या डोळ्यावर बाजूने हातोडीचा एक ठोका घालायचा. दुतोंडी काटा ठोकून घातला तर जॉइंट निघतो खरा, पण बूट फाटतं. टाकाऊ जॉइंटलाच तो काटा लावावा.

डावा आर्म खाली दाबायला पहार लागलीच नाही. पिंच बोल्ट निघताच आर्म आपणहून खाली गेला आणि लोंबत राहिला. आतले बोल्ट अजून घट्ट होते, त्यांना हातही लावलेला नव्हता.

इथे थांबून उजवीकडे गेलो आणि तिथलाही पिंच बोल्ट काढला. उजवा आर्म दांडी सुटेपर्यंत पहारीने नेट लावून दाबावा लागला, आणि पहार सोडताच तो वर उसळून जवळजवळ आडवा झाला. जमिनीवर उभ्या गाडीत तो जसा असतो तसा. दोन आर्म, दोन्हीचे बोल्ट घट्ट, एक आडवा आणि एक लोंबणारा. नवी बाजू आधी का गेली याचं उत्तर एवढ्यात मिळालं.

बुशचं रबर बाहेरच्या कडीला आणि आतल्या स्लीव्हला चिकटवलेलं असतं. बोल्ट आवळला की आतली स्लीव्ह ब्रॅकेटला पक्की होते, ती फिरत नाही. चाक वरखाली होताना आर्म फिरतो तो रबराला पीळ देऊन. त्यामुळे बोल्ट ज्या क्षणी आवळला, ती रबराची आरामाची स्थिती ठरते. कारखान्यात तो गाडीच्या उभ्या उंचीवर आवळलेला होता, म्हणून उजवा आर्म आडवा झाला. डावा आवळला होता चाक हवेत लोंबत असताना, म्हणून त्याची आरामाची जागा खालची. आर्म ३५० मिलिमीटर लांब धरला आणि चाक हवेत ८० ते १०० मिलिमीटर खाली जातं असं धरलं, तर पीळ १३ ते १७ अंशांचा होतो. गाडी जमिनीवर टेकल्या क्षणापासून, अंगणात नुसती उभी असतानाही, रबर एवढं पिळलेलं. त्यावर खड्ड्याचा पीळ आणखी. रबर चिकटवणीपासून सुटतं, आणि आमच्या या गाडीत तेच झालं: बाहेर काढलेल्या डाव्या आर्मच्या मागच्या बुशचं रबर स्लीव्हपासून अर्ध्याहून जास्त घेरात सुटलेलं होतं, सगळं एकाच दिशेला ताणलेलं.

दोन्ही बुशचे बोल्ट आडवे असणाऱ्या रचनेत ही चूक सर्वात महाग पडते. मागचा बुश उभ्या बोल्टवर असेल तर पीळ असा बसत नाही, पण पुढचा बुश त्या गाड्यांतही बहुधा आडवाच असतो.

नवा आर्म बसवण्याआधी जुन्याशेजारी जमिनीवर ठेवून ताडून पाहिला: तिन्ही भोकांमधली अंतरं, दांडीची जाडी, दांडीवरच्या खाच्याची उंची, लिंक रॉडची जागा. दोन मिनिटांचं काम आहे. डावा-उजवा बदलून आलेला खोका याच टप्प्यावर ओळखू येतो.

उजवा बोल्ट

डावी बाजू तासाभरात सुटली, कारण तिचे बोल्ट २२,००० किलोमीटरचेच होते. उजवीकडे पुढचा बोल्ट सुरुवातीपासूनचा. गोटी पाना लावला तर बोल्टचं डोकं थोडं फिरायचं आणि सोडलं की परत मागे यायचं. पाना परत येतो याचा अर्थ आटे सुटलेत, पण बोल्ट स्लीव्हला धरून बसलाय आणि आपण रबर पिळतोय. इथे लांब पाइप लावून जोर करणं चुकीचं. बोल्टचं डोकं तुटलं तर एक वेळ परवडतं, पण सबफ्रेमला, म्हणजे आर्म जिला जोडलेला असतो त्या चौकटीला, आतून वेल्ड केलेला नट सुटून फिरायला लागला की पत्र्याला खिडकी पाडण्यावाचून इलाज उरत नाही.

सव्वा तास पुढे-मागे करून, स्प्रे मुरवून पाहिला, हलला नाही. गॅसची ज्योत वापरली नाही. तिथून ब्रेकचा होज आणि पेट्रोलचा पाइप जवळ, शिवाय रबर पेटलं की धूर घशाला बसतो. एक मिलिमीटर जाडीची कटिंग डिस्क लावून स्लीव्ह आणि ब्रॅकेट यांच्या फटीत, दोन्ही बाजूंनी, बोल्ट कापला. होज आणि पाइपवर ओलं गोणपाट घातलेलं, शेजारी पाण्याची बादली. आर्म खाली आला, नटात राहिलेला तुकडा मागच्या बाजूने व्हाइस ग्रिपने धरून फिरवल्यावर निघाला, कारण आटे स्प्रेने आधीच सुटले होते. ब्रॅकेटला लागलेल्या चऱ्यावर लगेच प्रायमर मारला.

बुश घालणं

उजवा आर्म मिरजोळे एमआयडीसीत हायड्रॉलिक प्रेसवर नेला. नेण्याआधी तीन गोष्टी आर्मवर खुणावून घेतल्या. बुश दोन्ही बाजूंना किती बाहेर येतो ते व्हर्नियरने मोजलं, बुशच्या रबरातल्या पोकळ्या कोणत्या दिशेला आहेत त्याची रंगाने रेघ मारली, आणि बुश कोणत्या बाजूने आत गेलेला आहे ते लिहिलं. पोकळ्या मुद्दाम ठेवलेल्या असतात, एका दिशेला मऊ आणि दुसऱ्या दिशेला कडक राहावं म्हणून. बुश ९० अंशांत फिरवून बसवला तर बसतो नीट, आवाजही करत नाही, पण गाडी खड्ड्यात कडक लागते आणि ब्रेकला हलते. मग पुन्हा सगळं काढा.

प्रेसचा दाब फक्त बाहेरच्या लोखंडी कडीवर यायला हवा, रबरावर किंवा आतल्या स्लीव्हवर नाही. त्यासाठी कडीच्या मापाचा पाइपचा तुकडा वर आणि त्याहून किंचित मोठा खाली. जुना बुश अडला तर कडीला आतून हॅक्सॉने एक उभा काप द्यायचा, ताण सुटतो. भोकातला गंज पॉलिश पेपरने घासून काढल्याशिवाय नवा बुश घालू नये, तिरका जातो. हातोडीने ठोकून घातलेला बुश कडीला पोचा पडून पुढे ढिला होतो, आणि हे काम अजूनही अनेक ठिकाणी हातोडीनेच चालतं. घसरण्यासाठी साबणाचं पाणी, ग्रीस किंवा ऑइल नाही.

तेलावरून एक गोष्ट सांगायलाच हवी. पावसाळ्याआधी गाडीखाली जळकं ऑइल आणि डिझेल फवारायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. पत्रा वाचतो हे खरं. पण नैसर्गिक रबर खनिज तेलाने फुगून मऊ पडतं, आणि फवारणारा माणूस बुश आणि बूट झाकून घेत नाही. उजव्या बाजूच्या बुशवरच्या भेगांत वयाइतकाच या फवाऱ्याचाही वाटा होता, रबर बोटाला चिकट लागत होतं. मेणाचं कोटिंग मारा, आणि रबरावर मास्किंग टेप लावून मारा.

पॉलीयुरेथेनच्या बुशची चौकशी मालकांनी केली. ते स्लीव्हवर फिरतात, त्यामुळे पिळाचा हा प्रश्नच येत नाही. पण त्यांना ठरावीक सिलिकॉन ग्रीस लागतं, आमच्या पावसात ते धुऊन गेलं की कुरकुर सुरू होते, आणि रस्त्याचा प्रत्येक खडा स्टिअरिंगमध्ये येतो. घरगुती गाडीला नको, असं आमचं मत.

आवळणं

दोन्ही आर्म जागेवर घातले. बोल्टच्या गुळगुळीत भागाला, जो स्लीव्हमध्ये राहतो, तांब्याची पेस्ट लावली. आट्यांना लावली नाही, कारण निसरड्या आट्यांवर तोच टॉर्क बोल्टला जास्त ताणतो. आतले चारही बोल्ट फक्त हाताने, वायशर टेकेपर्यंत. बॉलची दांडी पूर्ण वर बसवून, तिचा खाचा भोकातून दिसतोय हे पाहून, नवा पिंच बोल्ट घातला आणि ६० न्यूटन-मीटरला आवळला. पिंच बोल्टला उंचीची अट नाही, बॉल जॉइंट फिरतोच. किल्ला नट असलेल्या गाडीत स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट पुढे आवळून जुळवायचा, मागे घेऊन नाही.

डाव्या नकलची खाच आधीच्या छिन्नीने फाकलेली असल्यामुळे बोल्ट आवळल्यावर ती दांडीला सगळीकडून धरते का, हा प्रश्न होता. दांडीवर मार्करची रेघ ओढून आर्म पहारीने दोन्ही दिशांना हलवून पाहिला. रेघ सरकली नाही. सरकली असती तर नकल बदलावं लागलं असतं.

आता उंची. आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली, बूट मोकळं सोडून, लाकडी ठोकळा ठेवून जॅक लावला आणि हबचा मध्य ते मडगार्ड ३६४ होईपर्यंत उचललं. त्या मापाला येईपर्यंत बॉडी घोडीवरून सुटायच्या बेतात येते, म्हणून दुसरी घोडी शेजारी ठेवायची आणि खाली डोकं घालायचं नाही. हात बाजूने जातो. त्या उंचीवर दोन्ही बोल्ट ९५ न्यूटन-मीटर. मग उजवीकडे ३६७ ला तेच. हे आकडे या गाडीच्या पुस्तिकेतले. दुसऱ्या मॉडेलला ते उचलून लावू नयेत.

पिट असलेल्या गॅरेजात याहून सोपं: चाकं चढवा, गाडी चाकांवर उभी करा, पुढचा भाग दोन-तीनदा दाबून सोडा, आणि खालून आवळा. जिथे लिफ्ट दोन खांबांची आहे आणि चाकं लोंबत राहतात, तिथेच ही चूक हमखास होते, कारण बोल्ट समोर असतात, एअर गन हातात असते आणि गाडी खाली उतरवल्यावर तिथे पाना जायला त्रास होतो.

लिंक रॉडचे नट शेवटी, दोन्ही चाकं सारख्या उंचीवर असताना. एबीएसची क्लिप परत. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून ब्रॅकेटवर पांढऱ्या रंगाची रेघ, म्हणजे बोल्ट सुटला तर पाना न लावता दिसतं.

अलाइनमेंट

आर्म बदलला की टो (वरून पाहिलं तर चाकांची पुढची कड आत-बाहेर किती वळली आहे ते) बदलतोच, त्यामुळे अलाइनमेंट त्याच दिवशी. कामाच्या आधीच्या कागदावर दोन्ही चाकं मिळून टो ५ मिलिमीटर बाहेर होता आणि डाव्या चाकाचा कास्टर (बाजूने पाहिलं तर चाक वळण्याचा अक्ष मागे किती कललेला आहे ते) उजव्यापेक्षा पाऊण अंशाने कमी. सुटलेल्या बुशमुळे चाकाचं खालचं टोक मागे गेलेलं होतं, आणि ज्या बाजूचा कास्टर कमी त्या बाजूला गाडी ओढते. आधी दोनदा टो जुळवून दिला गेला, पण चाक ब्रेकसरशी जागा सोडत असताना उभ्या गाडीवर केलेलं माप रस्त्यावर कसं टिकेल? आता कास्टरचा फरक मोजण्यापुरताही उरला नाही. टो पुस्तिकेच्या मर्यादेत आणला. डावा टायर आतून खाल्लेला असल्याने मागच्या चाकाला टाकला, फेकून द्यायची गरज नव्हती.

रिव्हर्सचा धप्प गेला, ब्रेकला ओढणं गेलं. अगदी कमी वेगात डावीकडे अजून बारीक टकटक होती, ती ब्रेक पॅडच्या क्लिपची निघाली.

५०० किलोमीटरनंतर गाडी चाकांवर उभी ठेवून चारही आतले बोल्ट आणि दोन पिंच बोल्ट टॉर्क रेंचने तपासले, रेघा जुळलेल्याच होत्या. उजव्या बॉल जॉइंटचं बूट पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा पाहायचं आहे. त्यात खेळ आला तर या गाडीला जॉइंट सुटा मिळत नाही, पूर्ण आर्मच घालावा लागेल आणि आत्ता दाबून घातलेले दोन बुश त्याबरोबर जातील. जुना आर्म ठेवण्यातला हा धोका मालकांना काम सुरू करण्याआधीच सांगितला होता, आणि बिलावर तसं लिहूनही दिलं आहे.